ज्या दुपारी कुणी भांडलं नाही

"तुझ्याजवळ चौकट होती, शकू. तू कापलं काहून?"

"नव्हती मायाजवळ चौकट."

"नव्हती? मग हे काय आहे? पापड आहे का?"

मी आतल्या खोलीत पलंगावर पडले होते, प्लास्टरमधला पाय दोन उशांवर टेकवून. पहिला आवाज ऐकला आणि उठूनच बसले. तो माझ्या सासूबाईंचा होता. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. दूधवाल्याने दुधात उघड उघड पाणी घातलं तरी "भाऊ, जरा पाहत जा" एवढंच म्हणणारी ही बाई. आणि आता बाहेरच्या खोलीत ती कुणाशी तरी हमरीतुमरीवर आली होती.

मला लहानपणापासून एक खोड आहे. दारामागे काय चाललंय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी आई म्हणायची, ही पोरगी पोलिसात जाणार. मी विमा कंपनीत गेले, दावे तपासायला. एरवी दुपारी मी ऑफिसात असायची, नवरा हेमंत बुटीबोरीच्या कारखान्यात. घरी एकट्या असलेल्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, दुपारी झोपत असतील असं आम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या एप्रिलमध्ये वळणावरच्या रेतीत माझी स्कूटर घसरली, घोटा मोडला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच कामाच्या दिवशीची नागपूरची दुपार मला स्वतःच्या घरात बघायला मिळाली.

कुबडी घेऊन मी दारापर्यंत गेले आणि फट केली.

कूलर घोंघावत होता. त्याच्यापुढे सतरंजीवर चार बायका बसल्या होत्या आणि मध्ये पत्ते पसरले होते. आईंनी पदर खोचला होता. एक पान त्यांनी शकूकाकूंच्या नाकासमोर धरलं होतं. समोरच्या घरातल्या शकूकाकू भोयर. गोल चेहऱ्याच्या, काटोलकडच्या, रोज सकाळी आमच्या फाटकाशी "काय सूनबाई, चालली काय हाफिसात?" असं विचारणाऱ्या. दुसऱ्या दोघींनाही मी ओळखत होते. उंच, किरकोळ अंगाच्या मंदाताई गेडाम, पोस्टातून रिटायर झालेल्या. आणि कौसल्याबाई मुळे, ज्या कधी हसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"झोपली नाही तू?" आई म्हणाल्या. पदर सोडायला विसरल्या.

"कशी झोपणार? मला वाटलं मारामारी होते की काय."

"होत असते कधीकधी," मंदाताई शांतपणे म्हणाल्या आणि पत्ते गोळा करायला लागल्या.

अशी माझी त्या मेंढीकोटाशी ओळख झाली. पुढचे काही दिवस मी भिंतीला टेकून, पाय स्टुलावर ठेवून नुसती बघत बसले. खेळ सोपा आहे. चार जणी, समोरासमोरच्या दोघी भिडू. खाली ज्या रंगाचं पान पडेल त्याच रंगाचं आपण टाकायचं. तो रंग आपल्याजवळ नसेल तरच हुकुमाने कापायचं, आणि जिचं पान वरचढ तिने ती चार पानं, म्हणजे तो हात, आपल्याकडे ओढायचा. रंग हातात असून कापलं तर ती लबाडी असते नाहीतर वेंधळेपणा, आणि त्या सतरंजीवर दोन्हींना एकच शिक्षा होती. सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं. चार दश्श्यांपैकी ज्या दोघींकडे जास्त येतील त्या जिंकल्या.

एवढंच असतं तर मी दोन दिवसांत कंटाळले असते. पण त्यांचे बाकीचे नियम चमत्कारिक होते. पत्ते वाटताना मोजायचे ते तेलुगूत. मंदाताईंनी नोकरीची बरीच वर्षं तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचाला काढली होती, त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं. "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू" करत शकूकाकू पानं टाकायच्या तेव्हा मला हसू आवरायचं नाही. डाव संपला की लगेच पुढचा वाटायचा नाही. आधी उजळणी. एकीने सांगायचं, शेवटच्या हातांत कुणी काय टाकलं होतं. मग दुसरी चुका काढणार. दर शुक्रवारी मेंढीकोट बंद आणि कुणाला तरी न येणारा खेळ. चहा ज्या घरी बसल्या त्या घरच्या बाईने करायचा नाही, दुसरीने करायचा. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात कौसल्याबाई साखरेचा डबा शोधत उभ्या असायच्या आणि आई बाहेरून मुद्दाम सांगायच्या नाहीत. सकाळी चौघी चालायला जायच्या तेव्हासुद्धा रोज वेगळ्या गल्लीने. आणि एक शब्द त्या चौघींत चालत नव्हता. "राहू दे." कुणी "राहू दे बाई, आज नको" म्हटलं की उरलेल्या तिघी एका सुरात "उठ" म्हणायच्या.

मी एकेकीला गाठून विचारलं.

"तेलुगू कशाला काकू?"

"तिरुपतीले गेली तं भाव करता याले पाहिजे," शकूकाकू म्हणाल्या. त्या आयुष्यात कधी तिरुपतीला गेल्या नव्हत्या आणि जायचा विचारही नव्हता.

"शुक्रवारी वेगळा खेळ का?"

"मेंढीकोट येतो ना आता आम्हाला," मंदाताई म्हणाल्या, जणू तेच उत्तर होतं.

कौसल्याबाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं. "पाय खाली सोडू नको, सूज येते," म्हणाल्या.

शेवटी आईंना विचारलं. त्या चण्याची डाळ निवडत होत्या.

"तुम्हाला हसायला होतं, नाही?" त्या म्हणाल्या. "हस. पण मला डोकं जाग्यावर ठेवून मरायचं आहे. हातपाय गेले तर तुम्ही कराल. डोकं गेलं तर कोण काय करणार?"

"असं काय बोलता? काय झालंय तुमच्या डोक्याला?"

"काही नाही झालं. म्हणून तर." आणि त्यांनी ताट उचललं. "ही डाळ पाहून घे एकदा, खडे राहिले असतील."

राहिले होते. बरेच. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

मे लागला आणि कौसल्याबाईंना भिलाईला जावं लागलं, लेकीच्या बाळंतपणाला. चौथी जागा रिकामी झाली. तिघींनी माझ्याकडे पाहिलं. शकूकाकू म्हणाल्या, "हे तं हायच बसून. पाय मोडला, हात तं धड हाय."

मी आईंची भिडू झाले. पहिले दोन दिवस माझ्या मूर्खपणाचे वाभाडे निघाले. राजा असताना दश्शी फेकली म्हणून मंदाताईंनी, माझ्या विरुद्ध बाजूला असूनही, मला फैलावर घेतलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र आम्ही जिंकायला लागलो आणि मग जिंकतच राहिलो. मी एकदम फुगले. संध्याकाळी हेमंत आला की त्याला चारही दश्श्या आणून कोट कसा चढवला ते सांगायची. तो बूट काढता काढता म्हणायचा, "चार म्हाताऱ्यांत तू हुशार ठरली, पेढे वाटू का?"

"तीन म्हाताऱ्या. एक भिलाईला गेली आहे."

माझी नजर मात्र शकूकाकूंवर होती. मंगळवारी सांगितलेली गोष्ट त्या बुधवारी पुन्हा सांगायच्या. चष्मा डोक्यावर ठेवून शोधायच्या. मला मनोमन खात्री पटत चालली होती की डोक्याची ही सगळी काळजी यांच्यासाठीच आहे, बाकीच्या तिघी यांना सांभाळून घेत आहेत, आणि हे गुपित मी शोधून काढलं आहे. दावे तपासणाऱ्या माणसाला असं वाटायला फार वेळ लागत नाही.

मग ती दुपार आली.

ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कूलरच्या टाकीत शकूकाकूंनी वाळा आणून टाकला होता, त्याचा वास खोलीभर होता. हुकूम इस्पिकचा. मंदाताईंनी चौकटची राणी टाकली. मी चौकटची पंजी टाकली. शकूकाकूंनी, भिडूचा हात पक्का धरून, चौकटची दश्शी टाकली. आईंनी इस्पिकची तिर्री टाकली आणि हात ओढून घेतला. दश्शी आमची. मी खूश झाले.

दोन हातांनंतर आईंनी चौकटची सत्ती टाकली.

मी सत्तीकडे पाहिलं. चौकटची सत्ती ही काही उगवून येणारी गोष्ट नाही. ती मघाशीही त्यांच्या हातात होती. म्हणजे रंग असून त्यांनी कापलं होतं, आणि त्यावर एक दश्शी लाटली होती. आता शकूकाकू आकाशपाताळ एक करणार म्हणून मी अंग चोरून बसले.

शकूकाकू हातातली पानं नीट लावत बसल्या. काही बोलल्या नाहीत.

मी मंदाताईंकडे पाहिलं. मागच्याच आठवड्यात एका नव्वीवरून त्या शकूकाकूंशी अर्धा तास भांडल्या होत्या. त्यांनी सत्ती पाहिली होती, हे मी पाहिलं. मी तोंड उघडणार तोच त्यांनी आपला हात माझ्या प्लास्टरवर ठेवला. नुसता ठेवला. डोळे हातातल्या पानांवरच होते.

डाव संपला. आम्ही जिंकलो. उजळणी आईंची होती.

"आज राहू द्या," आई म्हणाल्या. "कूलरमधलं पाणी पाहून येते."

कुणी "उठ" म्हटलं नाही. आई मागच्या दाराने बाहेर गेल्या. शकूकाकू पत्ते गोळा करायला लागल्या आणि त्यांच्या हातातून अर्धे निसटले.

मला एकदम सगळं मागचं आठवायला लागलं. आई कुणाकुणाशी भांडल्या होत्या, शकूकाकू आणि मंदाताईंची रोज जुंपायची, माझ्यावर तर दोघी तोंडसुख घ्यायच्या. पण आईंवर कुणी तुटून पडलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं. पत्ते वाटताना त्या हल्ली एक, दोन, तीन असं मोजायच्या. मराठीत. कुणी अडवत नव्हतं. आणि मी ज्याला माझी हुशारी समजत होते ते जिंकणं कुठून आलं होतं, तेही लक्षात आलं. 

त्या दोघी निघाल्या तेव्हा मी कुबडी घेऊन फाटकापर्यंत गेले. उन्हाने लोखंड इतकं तापलं होतं की हात लावता येत नव्हता.

"तुम्ही भांडल्या का नाही?" मी विचारलं.

"कशावरून?" मंदाताई म्हणाल्या.

"मंदाताई, मी पाहिलं. तुम्हीही पाहिलं."

मंदाताईंनी आमच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग बकुळीच्या सावलीत सरकल्या. "दिवाळीपासून चालू आहे," त्या म्हणाल्या. "कधी एकदम पहिल्यासारखी असते. तुझ्यासारख्या चार जणींना खिशात घालेल. आणि कधी असं."

"मग सांगितलं का नाही? त्यांना नाही तर आम्हाला."

शकूकाकू पदराने डोळे पुसायला लागल्या होत्या. "काय सांगू व माय? तिनंच तं आमच्याकडून वचन घेतलं होतं."

"न सांगण्याचं?"

"सांगण्याचं," मंदाताई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं. आईंची आई, वर्ध्याची. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, माझ्या लग्नाच्या खूप आधीच गेलेली. ती हळूहळू विसरायला लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिला फार जपलं. भाजीत दोनदा मीठ पडलं तर सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. तिने सुनेला लेकीच्या नावाने हाक मारली तर सून ओ द्यायची. तिचे पैसे हरवले की मुलगा आपल्या खिशातले तिच्या उशाखाली ठेवायचा. म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून. एक दिवस ती पाणी भरायला म्हणून निघाली आणि ज्या आळीत लग्न होऊन आली त्या आळीत तिला घर सापडेना. तिथे रस्त्यात बसून तिला पहिल्यांदा कळलं की आपल्याला काहीतरी होतंय. त्याआधी तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"इंदूला, तुझ्या सासूला, ते फार लागलं," मंदाताई म्हणाल्या. "हे पत्ते, ते तेलुगू, रोज नवी गल्ली, सगळं तिनेच काढलं. आणि आम्हाला शपथ घातली. म्हणाली, माझं काही चुकलं तर जिथल्या तिथे भांडायचं. दया दाखवायची नाही. माझ्या आईला सगळ्यांनी मायेने मारलं, म्हणाली."

"मग?"

"मंग काय," शकूकाकू म्हणाल्या. "तिचे मालक जाऊन वरीस होत आलं होतं. अन् इंदू अशी दिसे बाप्पा, वाळून गेलेली. दिवाळीत एक दिवस तिनं पहिल्यांदा रंग असून कापलं. म्या तोंड उघडलं अन् तिचं तोंड पाहून बंद केलं. मंग दुसऱ्या दिवशीही बंद. एकदा गप्प बसलं का मंग बोलता येत नाही."

मी दोघींकडे पाहत राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याइतकंच रडूही येत होतं. "उद्या सांगा," मी म्हटलं.

"उद्या सांगू," मंदाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्या सांगणार नाहीत.

त्या संध्याकाळी मी आईंना नीट पाहिलं. जेवायला बसल्या तेव्हा त्यांनी ताट घेतलंच नाही. कपात चहा, त्यात दोन टोस्ट. बाबा, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून रात्रीचं त्यांचं जेवण हेच होतं. दूध-दही त्यांनी तेव्हाच बंद केलं होतं. "भूक नाही" म्हणायच्या आणि आम्ही "बरं" म्हणायचो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांशी कुणी वाद घालतं का? हेमंतला मी सगळं सांगितलं तर त्याने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "डॉक्टरकडे नेऊ. पण तिला सांगू नको. चेकअप आहे म्हणू. घाबरेल."

तो वाईट माणूस नाही. तो फक्त वर्ध्याच्या घरातलं तेच करायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी आल्या. शकूकाकूंनी येताना कैरीचं पन्हं आणलं, म्हणजे आज गोडीगुलाबीनेच न्यायचं, काही बोलायचं नाही असं ठरलं होतं. पत्ते वाटले. पहिला डाव नीट गेला. आई अगदी लख्ख होत्या, मला वाटायला लागलं की कालचं मला भासच झाला. दुसराही नीट गेला. तिसऱ्या डावात हुकूम किलवरचा होता. शकूकाकूंनी चौकटचा राजा टाकला आणि आईंनी किलवरची चौकी टाकून हात ओढला.

थोड्या वेळाने आईंनी चौकटची नव्वी खाली टाकली.

मंदाताईंनी तिच्यावर पान टाकलं. शकूकाकूंनी पन्ह्याचा ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवेनात. माझी पाळी होती. कूलरचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

मी पान टाकलं नाही.

"आई," मी म्हटलं. "तुमच्याजवळ चौकट होती. तुम्ही कापलं काहून?"

काहून हा शब्द माझा नाही. मी नाशिकची. तो कसा बाहेर पडला मला माहीत नाही. माझा आवाजही चढला होता, सासूशी बोलताना चढू नये इतका.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "नव्हती."

"होती. मग हे काय आहे?" मी नव्वी उचलून त्यांच्यासमोर धरली.  "राजावर तुम्ही किलवरची चौकी टाकली. तेव्हा ही तुमच्या हातात होती. कालही तुम्ही असंच केलं. काल सत्ती होती."

"ज्योत्स्ना," मंदाताई हळूच म्हणाल्या.

"नाही. मी गप्प बसणार नाही. मी भिडू आहे त्यांची."

आईंनी ओढलेले हात उलटे केले. एकेक करून पाहिले. चौकटचा राजा सापडला, त्याच्याबरोबरची किलवरची चौकी सापडली. त्यांनी माझ्या हातातून नव्वी घेतली आणि तिन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ त्या पानांकडे पाहत होत्या. मग त्यांनी मान वर केली ती माझ्याकडे नाही, शकूकाकूंकडे.

"केव्हापासून?"

शकूकाकू ग्लासातल्या पन्ह्याकडेच पाहत राहिल्या.

"मंदा, केव्हापासून?"

"दिवाळी," मंदाताई म्हणाल्या.

आईंनी हातातली उरलेली पानं खाली ठेवली. मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर उठून आत जातील. पदराच्या टोकाने त्यांनी ओठ टिपले. "तरीच," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून मी फारशी हरलीच नाही. मला वाटे, माझा हात काय चांगला चालून राहिला." आणि मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "अन् तुम्ही दोघी हरत बसल्या? माझ्यासमोर बसून? तुमच्यावर भरोसा ठेवून मी निजत होती ना रात्री. मला वाटे, काही झालं तर ह्या भांडतील."

शकूकाकू तिथेच, पत्त्यांवर वाकून, आईंच्या गळ्यात पडल्या. "चुकलं माय इंदू, चुकलं माय," एवढंच चालू होतं. मंदाताई खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या, बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

थोड्या वेळाने आईंनी शकूकाकूंना बाजूला केलं. माझ्याकडे वळल्या.

"हेमंतला माहीत आहे?"

"आहे. तो म्हणाला डॉक्टरकडे नेऊ, चेकअप आहे असं सांगू."

"अन् तू काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाले."

"बरं केलं. उद्याची वेळ घे. मला खरं सांगून ने." मग पत्ते गोळा करत म्हणाल्या, "हा डाव मोडला. नव्याने वाट. कोण कोणतं पान टाकते याच्यावर लक्ष ठेव, नुसती दुसऱ्यावर ओरडू नको."

डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी होती. तिने आईंना एक वेळ सांगून कागदावर तसं घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, रक्त काढलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही रात्री काय जेवता?" आईंनी चहा-टोस्ट सांगितलं. स्मरणशक्तीला लागणारं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व अगदी तळाला गेलं होतं, थायरॉइडही बिघडलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या सुरू झाल्या. "सगळं पहिल्यासारखं होईल असं वचन मी देत नाही," ती म्हणाली. "वयाचा भाग किती आणि याचा किती, ते काही महिन्यांनी कळेल. पण लवकर आलात. एरवी बायका येतात तेव्हा घरच्यांनी दोन-तीन वर्षं सांभाळून घेतलेलं असतं. तुमच्या कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या भिडूच्या," आई म्हणाल्या.

माझं प्लास्टर निघालं, मी ऑफिसला जायला लागले. कौसल्याबाई भिलाईहून परत आल्या आणि त्यांना सगळं कळल्यावर, दिवाळीपासून त्याही गप्पच बसल्या होत्या म्हणून, आधी स्वतःला आणि मग त्या दोघींना इतक्या बोलल्या म्हणे की दोन दिवस खेळ बंद होता. शकूकाकू रोज रात्री जेवायच्या वेळेला वाटीभर दही घेऊन आमच्याकडे यायच्या आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायच्या नाहीत. आई कुरकुरायच्या. "शकू, घरी जा," म्हणायच्या. शकूकाकू म्हणायच्या, "खा. मंग जातो." सुधारणा काही एका दिवसात झाली नाही. मधे असे दिवस होते की मी संध्याकाळी आईंचा चेहरा बघूनच ओळखायची, आज उजळणी जमली नाही.

एकदा ऑफिसातून लवकर निघाले. दिवाळी जवळ आली होती, थंडी पडायला लागली होती. स्कूटर बंद करून फाटकाशी उभी राहिले, तर आतून आवाज आला.

"डोये फुटले काय तुये, इंदू? बदाम पडला न खाली. बदाम."

"मला दिसतो बदाम. माझ्याजवळ नाही आहे बदाम."

"दाखव."

"काहून दाखवू? डाव संपल्यावर पाहा."

"लबाड हायेस तू."

"अन् तू हरून राहिली म्हणून रडून राहिली."

मग मंदाताईंचा आवाज, मग कौसल्याबाईंचा, आणि सगळं एकात एक मिसळलं. मी हेल्मेट घालून तशीच उभी होते. शेजारचे काका फिरायला निघाले होते. त्यांनी काळजीने विचारलं, "काय झालं बेटा? घरी भांडण चाललंय का?"

"हो ना काका," मी म्हटलं. मला हसू येत होतं आणि काचेच्या आत डोळे भरून वाहत होते. डाव संपेपर्यंत मी आत गेले नाही. बदाम खरंच नव्हता त्यांच्याजवळ.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं खेळल्या. शेवटी त्या गेल्या त्या हृदयाने, आणि आदल्या दिवशी त्यांनी कौसल्याबाईंची उजळणीतली चूक काढली होती.

आता त्यांच्या जागी मी बसते. शकूकाकूंच्या जागी त्यांची सून आहे, आणि बाकी दोघी आमच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे वसाहतीत, नव्याने राहायला आलेल्या. वाटताना आम्ही तेलुगूतच मोजतो, शुक्रवारी वेगळा खेळ असतो. नव्या दोघींना पहिल्या दिवशी वाटलं की आम्ही फार भांडकुदळ बायका आहोत. त्यांना मी वर्ध्याची गोष्ट सांगितली आणि त्यांच्याकडून वचन घेतलं. त्यांनी ते हसत हसत दिलं. पण वचनाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. म्हणून ज्या दुपारी माझ्याशी कुणीच भांडत नाही, त्या दुपारी मी आधी माझे ओढलेले हात उलटे करून पाहते.